फॅमिली नावाचं खातं

जयपूर मिलिटरी स्टेशन
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय अभिजित,

आम्ही दोघी बऱ्या आहोत आणि तूही तिथे वर बर्फात ठाकठीक असशील, असं धरून चालते. लोकरीचे मोजे पाठवलेत. त्या पार्सलातच तिळाच्या वड्या घातल्या होत्या. त्यांचा चुरा झाला असेल तर मोजे झटक आणि खा, संक्रांत साजरी झाली समज. इथे पतंगांनी आकाश भरलंय आणि तुझी लेक गच्चीवरून खाली उतरायला तयार नाही. जेवायला हाक मारली की वरून ओरडते, "आई, बस पाच मिनट, मतलब खरंच पाच मिनट." चौथीतल्या मुलीचं मराठी हे असं आहे. ते सुधारायचं कधी, ते तू आल्यावर बघू.

फोन असताना पत्र का, असं विचारशील. फोनवर तुझ्यामागे रांग असते, आणि माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत लाइन जाते. आज मला पुरती वाक्यं लिहायची आहेत, कारण आज मी चिडलेली आहे.

चिडले आहे ती तुझ्या लॅपटॉपवर. तुझा म्हणते, कारण तू नवा घेतलास तेव्हा हा आम्हाला दिलास खरा, पण तो अजून तुझाच आहे, हे मला या आठवड्यात कळलं. चालू केला की पडद्यावर दोन नावं येतात. एक "अभिजित", त्यावर टोपी घातलेला तुझा फोटो आणि शेजारी कुलूप. दुसरं "फॅमिली", त्यावर कसलंसं पिवळं फूल. ते मी आणि रुचू.

फौजेत बायकोला फॅमिली म्हणतात, हे मला लग्न करताना कुणी सांगितलं नव्हतं. आसामात मिसामारीला तुझा तो जवान दारात येऊन म्हणाला, "साहब, मेरी फॅमिली को बुखार है," आणि मी सगळं घर आजारी पडलं समजून पातेलंभर खिचडी पाठवली. ते बिचारं जोडपं दोन दिवस खिचडी खात होतं. तेव्हा आपण किती हसलो होतो. आता त्या पिवळ्या फुलाकडे बघून हसू येत नाही.

झालं असं, की कॉलेजने या सत्रापासून फर्मान काढलंय. जुन्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, नवी विंडोज जुन्या मशीनवर चढत नाही, आणि नवी मशीनं घ्यायला मंजुरी नाही. म्हणून लॅबमधले सगळे संगणक लिनक्सवर गेले. जे स्वतःचा लॅपटॉप आणतात त्यांनीही तेच घालून घ्यावं, म्हणजे सगळ्यांच्या फायली सगळीकडे उघडतील. मी म्हटलं ठीक आहे, त्यात काय. लॅबच्या माथुर मॅडमनी पेन ड्राइव्ह दिला, कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. घरी येऊन बसले आणि पहिल्याच पायरीला अडकले. चौकट आली: यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी हवी. आणि खाली तू, टोपी घालून.

मी या मशीनवर रोज बसते. माझे सगळे तास, प्रश्नपत्रिका, रुचूचे प्रोजेक्ट, तुझ्या क्लेमचे कागद, आबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं इथेच केलं. तेव्हा परवानगी लागली नाही. आता त्याचं काही बदलायचं म्हटलं, की तू मध्ये उभा.

गुरुवारी फोनवर तुला पासवर्ड विचारला, आठवतंय का? तू हसलास. म्हणालास, "अगं, मला तरी कुठे आठवतोय. बहुतेक अकादमीतला नंबर, आणि त्याच्यापुढे..." आणि लाइन गेली. त्याच्यापुढे काय, अभिजित? मी तुझी जन्मतारीख घालून पाहिली, माझी घातली, रुचूची घातली, तुझ्या पहिल्या बुलेटचा नंबर घातला. मशीन म्हणालं, फार वेळा चुकलात, थोड्या वेळाने या. मग "पासवर्ड विसरलात?" वर दाबलं. म्हणालं, तुमच्या मोबाइलवर कोड पाठवलाय. तुमच्या म्हणजे तुझ्या. तो मोबाइल तुझ्या किटबॅगेत सिग्नलवाचून पडलाय. म्हणजे कुलूप माझ्या टेबलावर आणि किल्ली बर्फात.

पेन ड्राइव्ह लावून सगळंच पुसून टाकता येतं, असं माथुर मॅडम म्हणतात. पण तुझ्या कुलपाआड रुचूचे बाळपणीचे फोटो आहेत. मिसामारीच्या अंगणात ती पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ आहे. तो पुसून मी काय नवीन आणणार? म्हणून थांबलेय. कॉलेजात रोज सांगते, आज करते, उद्या करते, आणि आळशी ठरते.

बाकी आबांचा फोन रोज असतो. तू बदलीसाठी देवळालीचं नाव दिलंस तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नाही. "सुनबाई, आली का ऑर्डर?" इथूनच सुरुवात. देवळालीहून घरी साताऱ्याला कुठल्या वेळेला कुठली एसटी सुटते, हे त्यांनी डेपोत जाऊन विचारून ठेवलंय. मलाही बरंच वाटतंय. इतकी वर्षं मीच तर तुझ्या मागे लागले होते, एकदा तरी महाराष्ट्रात जाऊ म्हणून.

प्राचार्यांनी गेल्या आठवड्यात बोलावून घेतलं होतं. ते पुढच्या पत्रात लिहीन, आधी पासवर्ड पाठव.

परवानगीची वाट बघत,
तुझी फॅमिली,
उत्कर्षा


जयपूर मिलिटरी स्टेशन
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय अभिजित,

खाली सिग्नलमध्ये उतरलास तेव्हा पाठवलेला तुझा मेसेज मिळाला. अकादमीचा नंबर आणि त्याच्यापुढे "जयहिंद". मला आधीच सुचायला हवं होतं. मोजे पोचले आणि वड्यांचा चुराच झाला, हेही कळलं. तू बरा आहेस, वजन उतरलंय, असं लिहिलंस. उतरू दे थोडं, पण आजारी पडू नकोस. आम्ही दोघी मजेत, रुचूला दाढ येतेय म्हणून किरकिर आहे तेवढीच.

आता ऐक. तुझ्या खात्यातले फोटो काढून वेगळ्या डिस्कवर ठेवले. ती डिस्क कपाटात, तुझ्या मेडलांच्या डब्याशेजारी आहे. मग दोन आठवड्यांमागे रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह लावून बसले. मशीन चालू होताना नेमक्या क्षणी एक बटण दाबायचं असतं. तो क्षण चुकला की जुनी विंडोज उघडते, मग बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा दाबा. कुठलं बटण, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. मी एकामागून एक सगळी दाबली. मध्येच दूधवाला आला, मध्येच रुचूला मोजे सापडेनात. शेवटी एकदाचं उघडलं, आणि सगळं सुरळीत झालं असं वाटून मी चहा केला. तो चहा मी फार लवकर केला.

वायफाय सापडेना. मोबाइल वायरने जोडून इंटरनेट आणलं, मग वायफायसाठी काहीतरी उतरवलं, मग वायफाय आलं आणि आवाज गेला. आवाज आणला तर पडदा इतका उजळ झाला की डोळे दुखायला लागले. प्रिंटर तर दगड झालाय. मशीन म्हणतं, प्रिंटर जोडलेला आहे, कागद छापला. प्रिंटर म्हणतो, मला कुणी काही सांगितलंच नाही. आता मी प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर घालून जगतपुऱ्याच्या फोटोकॉपीवाल्याकडे रांगेत उभी राहते, माझ्याच विद्यार्थ्यांच्या मागे, कागद छातीशी धरून.

मराठी टाइप करायचं तर अक्षरांच्या जागा बदलल्यात. बंद करायची फुली डावीकडे गेलीय, त्यामुळे मी उजवीकडे हवेत क्लिक करत बसते. इतकी वर्षं बोटांना सगळं पाठ होतं. आता बोटं आपली जुन्या जागी जातात आणि तिथे काही नसतं.

सगळ्यात मोठी फजिती वर्गात झाली. चाचणीची प्रश्नपत्रिका जुन्या सिस्टिमवर केलेली, नव्या सिस्टिममध्ये उघडली. वरवर ठीक दिसली. पडद्यावर लावली तर मॅट्रिक्सचे कंस एकीकडे आणि आकडे दुसरीकडे, एक ओळ तर थेट पुढच्या प्रश्नात जाऊन बसली. मी फळ्याकडे तोंड करून बोलत होते, मला पत्ताच नाही. मुलांनी तो भलताच प्रश्न इमानदारीत सोडवायला घेतला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅम, यह तो सॉल्व ही नहीं हो रहा." मी वळले आणि पाहिलं. सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण नंतर स्टाफरूममध्ये डोळ्यांत पाणी आलं. ज्या गोष्टी मला चांगल्या येतात, त्यातच मी पुन्हा अडाणी ठरले, म्हणून.

माथुर मॅडम म्हणाल्या, "सिस्टम खराब नहीं है मैडम, आपको नया लग रहा है बस." मी विचारलं, दोन्ही ठेवता येतील का, जुनं आणि नवं? येतात, म्हणाल्या, चालू करताना मशीनच विचारतं, यात जायचं की त्यात. पण या लॅपटॉपवर तेवढी जागाच नाही. एक काहीतरी ठेवावं लागेल.

तुझ्याशी गेल्या रविवारी फोनवर हेच बोलत होते. तू म्हणालास, "होईल गं सवय. तू तर कुठेही जमवून घेतेस."

तू हे प्रेमाने म्हणालास, मला माहीत आहे. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. भटिंड्याला जाताना तू हेच म्हणाला होतास. मिसामारीला, सिकंदराबादला, इथे येतानाही. आणि मी घेतलं जमवून. नवा गॅसवाला, नवी शाळा, रुचूचा नवा डॉक्टर ज्याला तिच्या कानाची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची. कुठल्या खिडकीतून ऊन येतं ते कळेपर्यंत हिवाळा संपलेला. प्रत्येक ठिकाणी शाळेत जाऊन म्हणायचं, माझं एम.एस्सी. झालंय, गणित शिकवते, आणि त्यांनी म्हणायचं, जागा तात्पुरती आहे, चालेल का? चालेल. दर वेळी चालवून घेतलं. तुझं काम मात्र तेच राहिलं. तुझी तोफ बदलली नाही, हुद्दा वाढत गेला, माणसं तुला ओळखत गेली. नवीन शिकायचं ते मी. सवय व्हायची ती मला. मला एकदा कुणी विचारलं नाही की तुला आता सवय करून घ्यायचीय का.

हे लिहिलं आणि बरं वाटलं. खोडणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. नवीन सिस्टिम टाकताना तिने विचारलं, तुमचं नाव काय? मी सवयीने "फॅमिली" लिहिलं. मग थांबले, पुसलं आणि "उत्कर्षा" लिहिलं. पुढे कधी काही बदलायचं असलं की एक काळी खिडकी उघडते आणि पासवर्ड मागते. पहिल्यांदा मागितला तेव्हा मी टाइप करत राहिले आणि पडद्यावर काहीच उमटेना, ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्डही गेला. रागाने बटण दाबलं, तर काम सुरू. ती खिडकी तशीच असते म्हणे, काही दाखवत नाही पण ऐकत असते. तिने माझा पासवर्ड मागितला होता. माझाच.

आता प्राचार्यांचं. टाळते आहे, तुला कळलंच असेल. विभागात कायमची जागा निघालीय. सहायक प्राध्यापक, गणित. सिकंदराबादला मी प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झाले होते, ते प्रमाणपत्र इतकी वर्षं फाइलीत पडून होतं, ते आता उपयोगी पडतंय. मुलाखत झाली, निवडही झाली. प्राचार्य म्हणाले, "मैडम, पढ़ाती आप अच्छा हैं. लेकिन आप फौज वाली हैं, कब बोरिया-बिस्तर उठा लें, क्या पता." महिनाअखेर सांगा, म्हणाले.

मी म्हटलं, सांगते. तुला विचारत नाही अजून. देवळालीची ऑर्डर यायचीय, कदाचित येणारही नाही, कदाचित तुला इथेच कुठे जवळ मिळेल. आधी ती येऊ दे.

जेवत जा नीट. रुचूने तुझं चित्र काढलंय, तेही पाकिटात आहे. मिशा जरा जास्त झाल्यात.

तुझी,
उत्कर्षा


जयपूर मिलिटरी स्टेशन
रविवार, १ मार्च

प्रिय अभिजित,

तुझं सगळं क्षेम असो. आम्ही दोघी नीट आहोत. होळी दोन दिवसांवर आलीय आणि रुचूने आत्ताच शेजारच्यांच्या कुत्र्याच्या पिलाला गुलाबी करून ठेवलंय.

ऑर्डर आल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा तुझा आवाज इतका खुश होता की मागची रांगही हसत होती. "देवळाली, उत्कर्षा! आता पेट्या बांधायला घे." आणि मी "हो" म्हणाले.

ते "हो" खोटं होतं. मला तुझा तो आवाज मोडवला नाही. त्या दोन मिनिटांत बाकीचं सांगता आलं नसतं, आणि अर्धंच सांगून लाइन गेली असती तर तू तिथे कसा झोपला असतास? म्हणून आता लिहिते. बसून वाच.

मी देवळालीला येत नाहीये. कॉलेजची जागा मी घेतली. शुक्रवारी सही केली.

तुला न विचारता केली, हे खरं आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला नसतास, हेही खरं आहे. तू म्हणाला असतास, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते," आणि मग गप्प झाला असतास. त्या गप्प बसण्यासमोर मी दर वेळी हरते. बघता बघता मीच सामान बांधायला लागते आणि वर तुलाच समजावते की मला काही वाटत नाही. मला वाटतं, अभिजित. फार वाटतं. मला या वेळी ते सगळं पुन्हा करायचं नव्हतं.

आबांचा फोन आला होता. "सुनबाई, आता आलात म्हणा आपल्या मुलखात. दर सणाला घरी." मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "फौजीच्या बायकोनं असं हट्टाला पेटू नये. नवरा तिकडं, तुम्ही इकडं, लोक काय म्हणतील?" तेवढ्यात आईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. तुझ्या आई फोनवर किती बोलतात तुला ठाऊक आहे, "कशी आहेस, पोर कशी आहे, ठेवते" एवढंच. त्या दिवशी म्हणाल्या, "ह्यांची सबंध नोकरी फौजेत झाली, मी एकबी ठाणं बघितलं न्हाई. मला शेत होतं, म्हसरं होती, म्हातारी सासू होती. हे सुट्टीला यायचे, जायचे. तवा मला कुणी म्हणलं न्हाई, भागू, नवऱ्याला सोडलंस म्हणून. आता तुझं शेत जयपूरला हाय, त्याला कोण काय करणार?" आणि मागे आबांना म्हणाल्या, "तुमी गप ऱ्हावा." आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांच्यापुढे मी फार शिकलेली आणि फार फिरलेली. त्यांना सगळ्यात आधी कळलं.

आता व्यवहाराचं. तू देवळालीला रुजू झालास की हे क्वार्टर सोडावं लागेल. कॉलेजजवळ जगतपुऱ्यात एक फ्लॅट बघितलाय, दुसऱ्या मजल्यावर. समोर रेल्वे दिसते, त्यावर रुचू खुश आहे. स्वयंपाकघर लहान आहे. गच्चीवर जाता येतं. सकाळचं ऊन बैठकीच्या खोलीत येतं, हे मी या वेळी घर घ्यायच्या आधीच बघून आले.

रुचूला सांगितलं. ती म्हणाली, "मतलब या वेळी माझी फ्रेंड तीच राहणार?" मी म्हटलं हो. "आणि पापा?" म्हटलं, पापा सुट्टीला येणार, तुझ्या सुट्टीत आपण त्यांच्याकडे जाणार. "पण मतलब पापा रोज नाही." नाही, रोज नाही. गेली दोन वर्षं तरी कुठे रोज होतास? पण हे मी तिला म्हणाले नाही. ती थोडी रडली. ते तुझ्यापासून लपवणार नाही. या निर्णयात तिचं रडणंही आहे, आणि ते माझ्या नावावर आहे.

बुधवारी पेंटर आला होता. आपल्या काळ्या पेट्या व्हरांड्यात काढून ठेवल्या होत्या. दर बदलीला जुन्या गावावर काळा हात मारायचा आणि पांढऱ्या रंगाने नवीन नाव लिहायचं, त्याला पाठ आहे. त्याने डबा उघडून विचारलं, "सब पे देवलाली, मैडम?" मी त्याला थांबवलं. तुझे गणवेश, पुस्तकं, तुझं क्रिकेटचं सामान, तो जुना रेडिओ, हे सगळं एका बाजूला केलं. त्या पेट्यांवर देवळाली लिहून घेतलं. बाकीच्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "और इन पे?" मी म्हटलं, यांच्यावर जयपूर आहे ना, ते राहू दे, फक्त जरा ठळक करून दे. त्याने ती अक्षरं पुन्हा गिरवली. मला वाटलं होतं, मला सुटल्यासारखं वाटेल. तुझ्या पेट्या वेगळ्या रांगेत बघितल्या आणि तसं काही वाटलं नाही. मी त्या पेट्यांवर बसून राहिले आणि तुझ्यावर चिडले, की तू तिथे का नव्हतास. मग आठवलं, तू असतास तर मला हे जमलंच नसतं.

मी तुझ्यापासून दूर जात नाहीये, हे मात्र नीट समजून घे. भांडण नाही. तू वाईट नवरा नाहीस. तू चांगला आहेस, म्हणून तर हे इतकी वर्षं लांबलं. तुला राग आला तर येऊ दे, पत्रात लिही, फोनवर ओरड, पण गप्प बसू नकोस.

लॅपटॉपचं विचारशील. मला अजून तो आवडत नाही. बंद करायची फुली अजून डावीकडे आहे. मॅट्रिक्स मी आता वेगळ्या पद्धतीने लिहायला शिकले, ते मात्र जागचे हलत नाहीत. प्रिंटर एकदाच चालला, मागच्या सोमवारी, आणि त्याने महिन्यापूर्वी पाठवलेली सगळी पानं एकदम ओकली. त्यानंतर पुन्हा मौन. माथुर मॅडम म्हणाल्या, हवं तर जुनं परत घालून देते, घरच्यापुरतं. मी नको म्हटलं. एवढा त्रास काढलाय, आता परत जायचं नाही.

या मशीनवर तुझं खातं उघडलंय. नाव "अभिजित", फोटो तोच टोपीवाला. रुचूचे सगळे फोटो डिस्कवरून तुझ्या खात्यात घातलेत, मिसामारीच्या अंगणाचा व्हिडिओ पहिला ठेवलाय. बघायला, लिहायला, ऐकायला तुला कुणाला विचारायला नको. काही नवीन बसवायचं असेल किंवा काढायचं असेल, तर मात्र ती चौकट येईल आणि खाली माझं नाव असेल. मला विचारशील आणि मी हो म्हणेन, बहुतेक.

तुझ्या खात्याचा पासवर्ड इथे लिहीत नाही. कागदावर लिहायचा नसतो, हे तूच शिकवलंस, आणि फोनवर रांग ऐकत असते. देवळालीला रुजू व्हायच्या आधी सुट्टी मिळते ना, ती घे आणि सरळ इकडे ये. दारातून आत आलास की कानात सांगेन.

वाट बघतेय.

तुझी,
उत्कर्षा

एप्रिलपासून मु. पो. जगतपुरा, जयपूर